पंपरूमशेजारचे ३४ इंच

आमच्या सोसायटीत फ्लॅटमागे एक दुचाकी असा नियम आहे. माझी एक म्हणजे २०१३ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. वजन दोनशे किलोला जेमतेम कमी. रस्त्याला लागली की तिच्यासारखी तीच, पण पार्किंगमधून काढायची म्हणजे अडेल म्हैस गोठ्यातून उलटी ओढायची. पुढे दोन स्कूटर, मागे दोन, आणि डाव्या अंगाला सेक्रेटरींची नवी कोरी इलेक्ट्रिक. तिला माझं हँडल घासलं तर पुढच्या जनरल बॉडीपर्यंत विषय पुरणार. रविवारी सहाला उठून ऐरोलीच्या पुलापर्यंत जावं, खाडीवर दहा मिनिटं उभं राहावं, कटिंग मारून परत यावं, एवढीच माझी हौस. पण आधी चार गाड्या सरकवायच्या, मग म्हैस ओढायची, आणि उजवा गुडघा गेल्या वर्षापासून बोलायला लागलेला. दहातल्या आठ रविवारी मी गॅलरीतूनच खाडी बघायचो. आमच्या मुलुंड पूर्वेच्या गॅलरीतून ती दिसत नाही, हा भाग वेगळा.

म्हणून मनात आलं की एक हलकी, जुनी, दुसरी बाइक घ्यावी. फक्त अशा छोट्या चकरांसाठी. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "अहो, एक चालवून होत नाही म्हणून दुसरी घ्यायची, हे कुठलं गणित?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पहिली गोष्ट गाडी नव्हे, जागा. सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी मला मागे नेऊन पंपरूम आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली बोळ दाखवली. ती कोणालाच नको होती, कारण गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप बरोबर तिथे उतरतो. पहाटे टाकी भरली की पाच-दहा मिनिटं धार लागते. "बसली तर लावा," ते म्हणाले. "महिना दीडशे. पण वॉचमनला पंपाचं दार उघडता आलं नाही तर त्याच दिवशी काढायला लावीन." घरातली शिवणाची टेप आणून मोजलं. ३४ इंच. ही टेप मग दोन महिने माझ्या खिशात होती, आणि मुंबई-ठाणे-पालघर-रायगड अशा चार जिल्ह्यांत मी लोकांच्या गाड्यांच्या हँडलना ती लावत फिरलो. विकणारे चमकायचे. एकाने तर विचारलं, "ब्लाउज शिवायचाय का गाडीला?"

आता गाडी कोणती. इथे एक गोष्ट मुंबईबाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. या शहरातले जेवढे म्हणून मोकळे, गुळगुळीत, वारा अंगावर घेत जायचे रस्ते आहेत, त्यांवर दुचाकीला बंदी आहे. सी लिंकवर नाही, ईस्टर्न फ्रीवेवर नाही, कोस्टल रोडवर नाही, २०२४ च्या जानेवारीत उघडलेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर नाही. पुण्याचा एक्स्प्रेस-वे तर सुरुवातीपासूनच नाही. मग उरतं काय? येऊर, आरे, घोडबंदरवरून उत्तन, वर्सोव्याहून फेरीबोटीत बाइक चढवून मढ, फार तर भाऊच्या धक्क्यावरून रोरोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, मांडवा. यातल्या कुठल्याही ठिकाणी साठच्या वर काटा न्यायला जागाही नाही आणि कारणही नाही. खड्डे चुकवत तीस-चाळीसने जायचं, वाटेत थांबायचं, पोहे खायचे. त्यामुळे पॉवर हा मुद्दा मी पहिल्याच दिवशी खोडला. पिकअप नको, टॉप स्पीड नको. हलकी हवी, किक हवी, आणि पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायला हवेत.

किकचा आग्रह आमच्या उस्तादांचा. उस्ताद म्हणजे आमचे मेकॅनिक, मूळ चिपळूणकडचे, गॅरेज स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेला. आजकालच्या बऱ्याच गाड्यांना किक नसते, क्लासिकच्याही नव्या इंजिनाला नाही. "तुमची गाडी आठवड्यातून एकदा निघणार," उस्ताद म्हणाले. "बॅटरी कधी झोपेल सांगता येत नाही. किक असली की पाय तरी मारता येतो."

आणखी एक बारीक हिशेब विम्याचा. थर्ड पार्टीचे दर इंजिनाच्या सीसीवर ठरतात. २०२२ साली ठरलेल्या दरांत ७५ च्या वर १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये, त्याच्यावर ३५० पर्यंत १,३६६, आणि वर जीएसटी. म्हणजे १४९ सीसीची गाडी आणि १५३ सीसीची गाडी यांच्यात रस्त्यावर काडीचा फरक नसला तरी विम्यात जवळपास दुपटीचा पडतो. फार मोठी रक्कम नाही, पण क्वचित चालवायच्या गाडीला दर वर्षी फुकट का घालवा? शिवाय मालकाच्या अपघाती विम्याचं कव्हर माझ्या क्लासिकच्या पॉलिसीत होतंच. ते माणसामागे एक पुरतं, गाडीमागे एक लागत नाही. एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

तर एवढं ठरवून, डोकं थंड ठेवून, मी पहिली गाडी बघायला गेलो ती यामाहाची आरएक्स १००.

हसू नका. माझ्या वयाच्या माणसाने जुनी बाइक शोधायला घेतली आणि आरएक्सच्या दारात गेला नाही असं होत नाही. १९८५ ते ९६ अशी अकरा वर्षं ती इथे बनली. ९८ सीसी, दोन-स्ट्रोक, वजनाला काहीच नाही. कॉलेजात वर्गातल्या एकाकडे होती, मला तिच्या मागच्या सीटवर दोनदा बसायला मिळालं होतं. ठाण्यात नौपाड्यात एकाकडे १९९४ ची होती, मागत होता ९५ हजार. टाकी तुपात बुडवून काढल्यासारखी चमकत होती. किक मारली आणि तो आवाज आला. मी टेप लावायचंही विसरलो.

उस्ताद सोबत होते म्हणून वाचलो. त्यांनी हँडलखाली चेसीच्या मानेवर रुमाल फिरवला, टॉर्च लावला आणि मला बोलावलं. चेसी नंबरातले शेवटचे तीन आकडे बाकीच्यांच्या ओळीत नव्हते. एक जरा वर, एक खोल. कोणीतरी हाताने ठोकलेले. वर आरसीवर मुदत २०१९ ला संपलेली. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. ते भरलं की दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवायचं, पर्यावरण कर भरायचा. "ते होऊन जाईल, आपला माणूस आहे," विकणारा म्हणाला. "आपला माणूस आहे तर तुम्हीच करून ठेवा ना, मग येतो," उस्ताद म्हणाले आणि स्कूटर वळवली. घरी येईपर्यंत मी काही बोललो नाही. वाटेत नाक्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला, जणू घरात काही झालंय.

पुढची वसईची. यामाहाची एफझी, २०१२ ची, फोटोत देखणी. मालक सज्जन वाटला, चहा दिला. पण गेल्या गेल्या मी इंजिनला हात लावला तर गरम. हे उस्तादांनी शिकवलेलं: पोचल्यावर नमस्काराच्या आधी इंजिनला हात. गरम असेल तर त्याने आपण येण्याआधी चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड गाडी सकाळी कशी उठते हे आपल्याला कळू द्यायचं नाही. सीट उघडली. बॅटरीच्या खाचेत मातीचा बारीक, गुळगुळीत थर. उस्तादांनी हेडलाइटच्या कवचात बोट घालून फिरवलं आणि मला दाखवलं. तीच माती, वाळलेली. मी विचारलं, "दादा, इकडे पावसात पाणी भरतं का हो?"

"वसईत भरतं," तो म्हणाला, "पण आमच्या गल्लीत नाही."

गल्लीच्या भिंतींवर कमरेएवढ्या उंचीला पाण्याची रेघ सगळीकडे सारखी होती. मुंबईच्या आसपास जुनी गाडी घेताना हे बघावंच लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा बुडालेल्या गाड्या पुढे कित्येक महिने धुऊन-पुसून विकल्या जात होत्या. पाण्यातून निघालेली गाडी चालू होते, नाही असं नाही. पण वायरिंगच्या जोडांत, बेअरिंगमध्ये, स्पीडोमीटरमध्ये पाणी मुरलेलं असतं आणि ते आपला वेळ घेऊन बाहेर येतं. इंजिन ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा दिसला तर तिथूनच परत फिरायचं.

पनवेलला एक इम्पल्स बघितली. हिरोची, १५० सीसी, मातीच्या रस्त्यांसाठी केलेली, २०१७ च्या सुमाराला बंद झालेली. ही मला मनापासून आवडली. उंच, सडसडीत, खड्ड्यांवरून तरंगत जाणारी. पण माझी उंची पाच फूट चार. सिग्नलला एक पाय टेकवायचा तर दुसरी बाजू देवाच्या भरवशावर. आणि टेप लावल्यावर हँडल बोळीत बसत होतं, पण मग मला बोळीतून बाहेर पडायला भिंतीवरून उडी मारावी लागली असती. शिवाय पार्ट. बंद पडलेल्या गाडीचा एखादा पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात मिळतोही, पण शोधण्यात रविवार जातो. मला रविवार गाडीवर घालवायचा होता, गाडीसाठी नाही.

मधल्या काळात ऑनलाइन एक 'सैनिक' भेटला. क्लासिक, २०१९ ची, २८ हजार, बदली झाल्यामुळे तातडीने विकणे, गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये आहे, आधी ३,१०० पाठवा, गाडी घरपोच येईल. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र. हा प्रकार इतका जुना झालाय की मुलीने माझ्या खांद्यावरून फोन बघून सांगितलं, "बाबा, ब्लॉक करा." फोटोतला जवान खरा असेलही, बिचाऱ्याला पत्ता नसेल त्याचा चेहरा काय काय विकतोय.

मग एका डीलरच्या दुकानात. कुठल्या ते जाऊ दे. तीस-चाळीस बाइक ओळीने लावलेल्या, सगळ्यांना सारखाच काळा पॉलिश, टायरलासुद्धा. एका होंडा शाइनचं रनिंग १८ हजार दाखवत होते. "सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, शोरूम कंडिशन." जुन्या गाड्यांच्या बाजारात एवढे डॉक्टर कुठून येतात कळत नाही. मी क्लचचा दांडा धरला तर त्याच्या मुळाशी बोट जाईल एवढी झीज. मागच्या ब्रेकच्या पायाखालची खरखरीत नक्षी पार गुळगुळीत झालेली. फूटरेस्टचं रबर मात्र नवं कोरं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी २०१५ ची, टायर २०२१ चा. १८ हजारांत मागचा टायर झिजवून बदलायला डॉक्टरसाहेब काय स्टंट करत होते? मीटर फिरवणं दहा मिनिटांचं काम आहे. क्लचचा दांडा कोणी फिरवत नाही.

त्या दिवशी परत येताना गॅरेजवर बसलो होतो. मी वैतागलेला. सहा आठवडे झाले होते, दिवाळी तोंडावर आली होती. उस्ताद एका ॲक्टिव्हाचा पट्टा बदलत होते, मान वर न करता म्हणाले, "साहेब, तुम्ही चुकीच्या गाड्या बघताय."

"म्हणजे?"

"तुम्ही पळणाऱ्या गाड्या बघताय. तुम्हाला पाहिजे उभी राहणारी."

मला वाटलं टोमणा आहे. पण मग त्यांनी हात पुसून नीट समजावलं, आणि या सगळ्या खटाटोपात मला कळलेली कामाची गोष्ट हीच. गाडीला दोन प्रकारचे आजार होतात. एक पळून पळून होणारे: बोअर-पिस्टन झिजतं, टायमिंग चेन वाजते, क्रँकचं बेअरिंग जातं, गिअर निसटतो. हे महागडे. इंजिन उघडलं की दहा-पंधरा हजार कुठे गेले कळत नाही, आणि वरून पॉलिश केलं की दिसतही नाहीत. दुसरे उभं राहून होणारे: बॅटरी मरते, कार्बोरेटर चिकटतो, टायर कडक होतात, केबल गंजते, पुढच्या शॉकअपचं सील सुकतं. हे सगळे डोळ्यांना दिसतात, गाडीला भिकारी करून टाकतात आणि भाव पाडतात. पण दुरुस्ती स्वस्त. "लोक उलटं करतात," उस्ताद म्हणाले. "चमकणारी घेतात, धुळीतली सोडतात. तुमच्याकडे ती धूळच खाणार आहे. मग धूळ पचवलेली घ्या ना."

अशी एक त्यांच्या नजरेत होती म्हणे. भांडुपला, एका गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याकडे. त्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेतल्यापासून बाइकला हात लावला नव्हता. होंडा युनिकॉर्न १५०, २०१४ ची, एमएच-०३, म्हणजे आमच्याच वडाळा आरटीओची. १४९ सीसी, वजन दीडशे किलोच्या आत, किक आहे, मागे मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप, आणि पार्ट कुठेही मिळतात. ही गाडी २००४ पासून रस्त्यावर आहे आणि तिच्याबद्दल कोणी कविता केलेली नाही. बँकेतल्या शिपायापासून इन्शुरन्सच्या एजंटापर्यंत सगळ्यांनी ती चालवली. तिचं नाव ऐकून माझ्या पोटात काही हललं नाही. आरएक्सचं ऐकून हललं होतं.

ताडपत्री काढली तेव्हा तिच्या सीटवर मांजराने घर केलेलं होतं. दोन्ही टायर बसलेले. सायलेन्सरच्या बेंडवर गंज, चेनवर गंज, आरशांवर पांढरी बुरशी. चौदा महिने उभी. मालक, चाळिशीतले गृहस्थ, आधीच ओशाळून म्हणाले, "मी काही लपवत नाही, सुरू होईल की नाही मलाच माहीत नाही." दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणी असं बोललं होतं. आत जाऊन त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं, तारखेने लावलेली. मीटरवर ४१ हजार आणि शेवटच्या बिलावर ४० हजार सहाशे काहीतरी.

उस्तादांनी आधी टाकीचं झाकण उघडून टॉर्च आत सोडला. मला म्हणाले, बघा. आतला पत्रा स्वच्छ, गंज नाही. "टाकी फुल करून ठेवली होती का?" हो, म्हणाले मालक, उभी करताना पेट्रोल भरून, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवली. टाकी अर्धी असली की वरच्या रिकाम्या भागात हवेतला ओलावा धरतो आणि पत्रा आतून सडतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र कामातून गेलं होतं, व्हार्निशसारखा वास. ते नळीने काढलं. उस्तादांनी स्वतःच्या स्कूटरवरून बॅटरी आणली होती, पाण्याच्या बाटलीत ताजं पेट्रोल होतं. प्लग काढून साफ केला, कार्बोरेटरची वाटी उघडून आतला हिरवट चिकट गाळ पुसला, चोक ओढला आणि मला म्हणाले, मारा किक.

किक मारताना पायाला जो विरोध जाणवतो त्यावरून इंजिनात दम किती ते कळतं. चांगला कडक विरोध होता. सातव्या-आठव्या किकला खोकली. अकराव्याला उठली. आधी पांढरा धूर, मांजर पळालं, समोरच्या खिडकीतून एक आजी ओरडल्या. उस्तादांनी हात वर करून मला थांब म्हणून खूण केली आणि तीन-चार मिनिटं ते नुसते वाकून सायलेन्सरकडे बघत राहिले. धूर निवळला. निळा झाला असता तर ऑइल जळतंय, म्हणजे बोअरचं काम. निळा नव्हता. टायमिंग चेनची खरखर नाही. फक्त टॅपेटचा हलका टकटक, शिवणयंत्रासारखा.

मी टेप काढली. आरसे आत वळवल्यावर बोळीत आरामात बसत होती.

मालकांनी ३२ सांगितले. मी २४ म्हणालो, आणि मला लगेच लाज वाटली. २६ वर ठरलं. दोन हजार टोकन.

इथपर्यंत मी खूश होतो. आता कागद.

आरसीवर बँकेचं नाव होतं. गाडी कर्जावर घेतलेली, कर्ज २०१७ लाच फिटलेलं, बँकेने त्या वेळी एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ दिलेलाही, पण मालकांनी तो कधी आरटीओत भरलाच नाही. असे लोक शेकडो असतील. कर्ज फिटलं की माणसाला वाटतं संपलं. पण बोजा आरसीवरून उतरत नाही तोवर गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही, आणि एनओसी अशी सात वर्षांनी चालत नाही, नवी आणावी लागते. बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत गेली होती. तिथल्या बाई म्हणाल्या, खातं जुन्या सिस्टिममध्ये आहे, मेल करा. मेलला उत्तर आलं, शाखेत संपर्क साधा. मालक बिचारे ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून तीन वेळा गेले. चौथ्या वेळी मी सोबत गेलो आणि आम्ही दोघं काही न बोलता काउंटरसमोरच्या बाकावर पावणेदोन तास बसलो. आमचं बसणं बघून की काय, कागद मिळाला.

मग दुसरा गुंता. ट्रान्सफरला चालू विमा आणि पीयूसी लागते. गाडीचा विमा केव्हाच संपलेला. नवा काढायचा तर आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच नावाने निघतो. म्हणजे मालकांच्या नावाने थर्ड पार्टी काढायची, पैसे मी द्यायचे, ८४२ रुपये, आणि ट्रान्सफर झाली की पॉलिसी माझ्या नावावर करून घ्यायची. पीयूसीसाठी गाडी सेंटरपर्यंत न्यायला हवी, आणि बसलेल्या टायरवर ती जाणार कशी? शेवटी टेम्पो केला. माझ्या नव्या-जुन्या बाइकचा पहिला प्रवास भांडुप ते मुलुंड, छोट्या हत्तीच्या पाठीवर, दोरीने बांधून, सातशे रुपये. मी ड्रायव्हरशेजारी बसून आरशातून तिच्याकडे बघत होतो.

डिलिव्हरीच्या कागदावर आम्ही तारखेसोबत वेळ लिहिली, सकाळी ११.२०, आणि दोघांनी सह्या केल्या. हे कराच. त्या मिनिटानंतरचं चलन, अपघात, काहीही माझं, त्याआधीचं त्यांचं. जुनी चलनं मी आधीच नंबर टाकून बघितली होती, दोन निघाली, त्यांनी माझ्यासमोर फोनवरून भरली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. नुसता सही केलेला टीटीओचा, म्हणजे याच ट्रान्सफरच्या फॉर्मांचा, गठ्ठा घेऊन वर्षभर गाडी फिरवणारे पुष्कळ असतात. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. एजंटने २,२०० घेतले. सरकारी फी त्यातली अगदी थोडी, बाकी त्याच्या ओळखीची. तरी एक खेप वाया गेलीच, मालकांची सही जुन्या कागदांवर मराठीत आणि नव्यावर इंग्रजीत झाल्यामुळे. नावावर व्हायला टोकनपासून बरोबर पाच आठवडे लागले.

गॅरेजचा खर्च झाला तो असा: टायर दोन ३,९००, बॅटरी १,१५०, चेनसेट १,४५०, ब्रेक ७००, शॉकअपचं सील आणि ऑइल ७५०, ऑइल-प्लग-फिल्टर ८००, कार्बोरेटर आणि केबल ६००, मजुरी १,८००. एकूण ११,१५०. इंजिन उघडावं लागलं नाही. सायलेन्सरचा गंज मी स्वतः घासला, दोन संध्याकाळी, आणि रंग मात्र मुद्दाम दिला नाही. सीटला मांजराच्या नखांचे ओरखडे आहेत, ते तसेच ठेवलेत.

पहिल्या रविवारी ऐरोली. दुसऱ्या रविवारी येऊर. तिसऱ्या रविवारी घोडबंदरवरून उत्तन. किनाऱ्यावर बांबूंना बोंबील वाळत घातलेले, त्या वासात गाडी लावून बसलो. तीस-पस्तीसचा वेग, कोणी ओव्हरटेक करतंय याचं काही वाटत नव्हतं. क्लासिकवर वाटतं, का कोण जाणे. परत येताना दोन किलो सुके बोंबील हँडलला बांधले, आणि आमच्या लिफ्टमध्ये आठवडाभर माझी चर्चा होती.

एकच सवय लागायला त्रास झाला. कार्बोरेटरवाली गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा असतो, नाहीतर फ्लोट जरा चिकटला तरी थेंब थेंब गळत राहतं. माझे वडील त्यांच्या स्कूटरच्या कॉकला नळ म्हणायचे, म्हणून आमच्या घरात तो नळच. दोन रविवारी मी तो बंद करायला विसरलो, दुसऱ्या वेळी बोळीत पेट्रोलचा वास सुटला आणि सेक्रेटरी नाक धरून खाली आले. म्हणून मी खडू घेतला आणि गाडी लावताना नजरेसमोर येईल अशा बेताने पंपरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: नळ बंद.

पुढच्या सोमवारी सकाळी साडेसहाला फोन वाजायला लागले. बी विंगमध्ये कोणाच्याच नळाला पाणी नव्हतं. नवा वॉचमन रात्रपाळीला आला होता, त्याने भिंतीवरची सूचना वाचली, सेक्रेटरींचीच असणार असं समजून टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला आणि झोपला.

आता तिथे 'पेट्रोलचा नळ बंद' असं लिहिलंय. खाली, वेगळ्या अक्षरात, सेक्रेटरींनी माझा फ्लॅट नंबर टाकलाय.